खांद्यामागची तोटी

१२ ऑक्टोबर १९९७ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे विमानतळावरून जॉन डेन्व्हर एकटाच उडाला. 'टेक मी होम, कंट्री रोड्स' हे त्याचं गाणं आपल्याकडच्या कॉलेजांच्या कट्ट्यांवरही गिटारवर वाजत असे. वैमानिक म्हणून त्याच्या नावावर २,७०० तासांहून जास्त उड्डाण होतं. विमान मात्र त्याला नवं होतं. एका हौशी माणसानं घरी बांधलेलं 'लाँग-ईझी' त्यानं नुकतंच सेकंडहँड विकत घेतलं होतं. धावपट्टीला चाकं टेकवून पुन्हा उडायचं, असा सराव त्यानं तीनदा केला. मग विमान समुद्राकडे वळलं आणि थोड्याच वेळात पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्याजवळ पाण्यात कोसळलं. डेन्व्हर त्यात गेला.

अपघाताचा तपास 'नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डा'नं केला आणि तो एका तोटीपाशी येऊन थांबला. जुन्या स्कूटरला पेट्रोल संपत आलं की खाली वाकून कॉक रिझर्व्हवर फिरवावा लागे. या विमानातही एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जायला तशीच तोटी होती. मूळ आराखड्यात ती वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, समोर होती. बांधणाऱ्यानं ती डाव्या खांद्यामागे नेली. कॉकपिटमधून इंधनाची नळी जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता आणि तो काही वेडगळ नव्हता. पण तोटी फिरवायची तर दांडीवरचा हात काढून अंग मागे वळवावं लागे, आणि तसं वळताना उजवा पाय विमानाची दिशा बदलणाऱ्या रडरच्या पेडलवर दाबला जाण्याचा धोका होता. कोणती बाजू कोणत्या टाकीची, याची खूणही तोटीवर नव्हती. ज्यानं ती स्वतः बसवली त्याचा हात बहुधा न बघताही तिथे गेला असता. डेन्व्हरची तिच्याशी ओळखच झाली नव्हती.

किट विमानांबद्दल, म्हणजे सुटे भाग आणून घरी बांधलेल्या विमानांबद्दल, जे वाचलं, त्यात ही तोटी माझ्या मनातून जात नाही. कारण या छंदाचं सगळं वैभव आणि सगळा धोका 'विमान कोणी बांधलं आणि आज कोण उडवतंय' या एका प्रश्नाशी येऊन मिळतो.

अमेरिकी कायदा या बाबतीत उदार आहे. विमानाचा मोठा हिस्सा एखाद्यानं स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी बांधला असेल, तर कारखान्यातल्या विमानाला लागणाऱ्या प्रमाणपत्राची सक्ती त्याला नाही. बोलीभाषेत याला '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. बदल्यात कॉकपिटच्या दाराशी 'एक्स्परिमेंटल' हा शब्द किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो. विमान प्रमाणित विमानांच्या सुरक्षा-नियमांत बसत नाही, अशी पाटी प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते. सहसा पहिले २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच चाचणी-उड्डाणं करायची. इंजिन आणि पंखा प्रमाणित जोडीतले असतील तर २५ तास, नसतील तर ४०. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझनी यांनी मिलवॉकीत स्थापन केलेली 'एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' या मंडळींची पंढरी. दर जुलैअखेर विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला त्यांची वारी भरते.

बांधण्याच्या दोन मोठ्या परंपरा आहेत. मोहावीच्या वाळवंटात बर्ट रुटान यांनी १९७५ मध्ये 'व्हेरीईझी' आणि १९७९ मध्ये 'लाँग-ईझी' उडवलं. आडवी शेपटी मागे असते तिथून काढून नाकाशी आणलेली, इंजिन मागे. गणपतीच्या मखरासाठी आपण तापल्या तारेनं थर्माकोल कापायचो. रुटान यांचे पंखही तसेच फोमच्या ठोकळ्यातून तापलेल्या तारेनं कापायचे, मग वर काचतंतूंचं कापड आणि इपॉक्सीचे थर चढवायचे. साचा लागत नाही. याच धाटणीच्या 'व्हॉयेजर'नं डिसेंबर १९८६ मध्ये वाटेत कुठेही न उतरता, हवेत इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. चालक होते डिक रुटान आणि जीना येगर.

दुसरी परंपरा पत्र्याची, ऑरेगॉनच्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांची. त्यांच्या 'आरव्ही' मालिकेतली ११,००० हून अधिक विमानं आजवर उडाली आहेत. किट खोक्यांतून येतं. बहुतेक जण आधी शेपटी मागवतात, मग पंख, मग धड. इंजिन आणि उपकरणं सगळ्यांत शेवटी. त्यामुळे पैसाही हप्त्याहप्त्यानं लागतो, आणि शेपटीवर हात बसला की पंखाची भीती कमी होते. भोकाच्या कडेची प्रत्येक बारीक कूस घासून काढायची, कारण तडा तिथूनच सुरू होतो. रिवेट मारायला दोघं लागतात: एक बाहेरून बंदूक धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवतो. असे हजारो रिवेट. पंखातली इंधनटाकी चिकट, काळ्या सीलंटनं सांधायची आणि गळत नाही ना ते तपासायचं. सगळं मिळून दीड-दोन हजार तास कुठे गेले कळत नाही. दररोज संध्याकाळी दोन तास दिले तरी ते दोन-तीन वर्षांचं काम. म्हणून हे विमान ज्यानं बांधलं, त्याला त्यातली नळी न् नळी ठाऊक असते. कायदाही हे मानतो: बांधणाऱ्याला अर्ज करून त्याच्या विमानाच्या वार्षिक तपासणीचा परवाना मिळतो. विमान विकलं की परवाना विमानासोबत जात नाही. नव्या मालकाला सहसा परवानाधारक मेकॅनिक गाठावा लागतो. मला हा नियम फार शहाणा वाटतो.

आता वेगाबद्दल. कारखान्यातलं सेसना १७२ आणि किटमधलं आरव्ही-७, दोन्हींत १८० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन बसतं. सेसना तासाला सुमारे २३० किलोमीटर जातं, आरव्ही सुमारे ३२०. सेसना चौघांचं आहे आणि आरव्ही दोघांचं, हे खरं. तरी तेवढ्याच ताकदीतून इतका फरक पडतो तो लहान पंख, निमुळतं धड आणि घट्ट बसलेल्या सांध्यांमुळे. लान्स नायबाउअर यांचं कार्बनतंतूंचं 'लँकेअर ४' याच्याही पुढे गेलं. ३५० अश्वशक्तीचं टर्बो इंजिन घेऊन ते २४,००० फुटांवर तासाला ५३० किलोमीटरच्या आसपास धावतं. पुण्याहून सरळ रेषेत दिल्ली सव्वादोन तासांत.

या वेगाची किंमत उतरताना मोजावी लागते. सेसनाच्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर भरल्या वजनाचे सुमारे ७१ किलो पेलले जातात. लँकेअर ४ च्या पंखावर जवळजवळ १६० किलो. एवढा भार पेलायचा तर विमानाला जास्त वेगानं उडत राहावं लागतं. वेग कमी पडला, नाक वर उचललं गेलं, की पंखाची उचल अचानक जाते. याला 'स्टॉल' म्हणतात. कारखान्यातल्या एका इंजिनाच्या विमानांसाठी पूर्वापार नियम असा होता, की उतरण्याच्या अवस्थेत स्टॉलचा वेग ६१ नॉटच्या, म्हणजे ताशी ११३ किलोमीटरच्या वर जाऊ नये. एक्स्परिमेंटल विमानाला हे बंधन नाही. धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना, हजार फुटांच्याही खाली, असा स्टॉल आला तर सावरायला उंचीच उरत नाही. २०१० मध्ये अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनानं पंखावर जास्त भार असलेल्या अशा विमानांबद्दल वैमानिकांना खास सूचना काढली. लँकेअरच्या मालकांनी तर त्याआधीच, २००८ मध्ये, स्वतःची संघटना उभारून प्रशिक्षण सुरू केलं होतं.

२०१२ मध्ये त्याच सेफ्टी बोर्डानं हौशी विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अशी विमानं खासगी उड्डाणांच्या ताफ्यात जेमतेम दहा टक्के. पण २०११ च्या अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के होता. इंजिन बंद पडणं आणि हवेत ताबा सुटणं, ही दोन कारणं ठळक. आणि डेन्व्हरची आठवण करून देणारी बाब अशी, की त्या वर्षी अपघात झालेल्या या विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमानं मालकानं स्वतः बांधलेली नव्हती, विकत घेतलेली होती.

आपल्याकडे हा छंद रुजलेला नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिलं, पण नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं आणि उड्डाणचाचण्यांच्या परवानगीला २०१९. ते किटही नव्हतं, आराखडा त्यांचा स्वतःचा. शेजारच्या गावात असंच विमान बांधून झालेला दुसरा कुणी, पंख बंद करण्याआधी येऊन आत डोकावणारा असोसिएशनचा स्वयंसेवक, हे अमेरिकेत सहज मिळणारं पाठबळ त्यांना इथे नव्हतं. त्यांची जिद्द मला म्हणूनच अधिक मोठी वाटते.

मात्र तुमचा भाचा किंवा मुलगी अमेरिकेत असेल, आणि एखाद्या रविवारी ओळखीचं कुणी अशा विमानातून फेरी मारायला बोलावत असेल, तर आनंदानं जा म्हणावं. पण बसण्यापूर्वी दोन गोष्टी जरूर विचारायला सांगा. हे विमान कोणी बांधलं? आणि तुम्ही ते दुसऱ्याकडून घेतलं असेल, तर याच जातीच्या विमानात शिक्षकाला शेजारी बसवून किती तास उडवलंत?