विकत घेतलेली भट्टी आणि शिकून घेतलेली भट्टी

अणुशक्तीचा विषय निघाला की डॉ. होमी भाभा यांचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे आम्हांस एक खोड जडलेली आहे. अमुक ठिकाणी मोठा कारखाना उभा राहिला असे कोणी सांगितले, की आम्ही विचारतो, तो बिघडला तेव्हा दुरुस्त कोणी केला? यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस परदेशातून बोलवावा लागला, की पाळीवरच्या फिटरने पाना हातात घेतला? यंत्र आपले की परक्याचे, याचा निकाल उद्घाटनाच्या दिवशी लागत नाही. तो अशा दिवशी लागतो. भारतातील अणुविजेची कथा याच कसोटीवर घासून पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम भट्टीचे अंतरंग थोडे समजून घेऊ. आम्ही काही कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलेलो नाही. वाचून जे कळले ते सांगतो. खाणीतून निघणाऱ्या युरेनियमच्या हजार अणूंपैकी सुमारे सातच अणू असे असतात, की न्यूट्रॉन नावाचा कण धडकताच ते सहज दुभंगतात. दुभंगताना उष्णता निघते आणि नवे दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांनी पुढचे अणू फोडावे, त्यांतून निघालेल्यांनी आणखी पुढचे, अशी साखळी चालू राहिली की उष्णता मिळत राहते. तिने पाण्याची वाफ करावयाची आणि वाफेने टर्बाइन फिरवावयाचे. पुढचे सारे कोळशाच्या वीजघरासारखेच. अडचण अशी, की नवे न्यूट्रॉन फार वेगाने सुटतात, आणि त्या वेगात त्या सातांना फोडण्याच्या कामी ते फारसे येत नाहीत. त्यांची चाल मंद करावी लागते. साध्या पाण्यातून नेले तर चाल मंदावते खरी, पण ते पाणी वाटेत पुष्कळ न्यूट्रॉन गिळूनही टाकते, आणि साखळी तुटते.

यावर उपाय दोन. एक, त्या सातांचे प्रमाण कारखान्यात वाढवून हजारी वीस-पंचवीसपर्यंत न्यावे. याला समृद्ध युरेनियम म्हणतात. हे काम अतिशय खर्चाचे, आणि त्या काळी मोजक्या बड्या राष्ट्रांच्याच हातचे. दुसरा उपाय, युरेनियम आहे तसेच ठेवावे आणि पाणी बदलावे. निसर्गातील पाण्यात हायड्रोजनच्या दर साडेसहा-सात हजार अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा असतो. असे अणू वेचून केलेले पाणी ते जड पाणी. ते न्यूट्रॉनची चाल मंद करते आणि गिळते मात्र फारच थोडे.

आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या पहिल्या प्रकारच्या. राजस्थानात कोट्याजवळ रावतभाटा येथे ज्या उभ्या राहिल्या त्या दुसऱ्या प्रकारच्या. सारी गोम येथेच आहे.

तारापूरचे केंद्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारून दिले, आणि 28 ऑक्टोबर 1969 पासून तेथील वीज रीतसर मिळू लागली. पण इंधन अमेरिकेतून यावयाचे, असा 1963 चा करार होता. 18 मे 1974 रोजी पोखरण येथे भारताने अणुस्फोट केला. पुढे 1978 मध्ये अमेरिकेने आपला कायदाच बदलला आणि इंधनाची अडवणूक सुरू झाली. अखेर 1983 पासून फ्रान्सकडून इंधन घ्यावे लागले. चूल आपल्या घरी आणि सरपण परक्याच्या वखारीत, असा हा संसार.

रावतभाट्याची गोष्ट निराळी. तेथील आराखडा कॅनडाचा. पहिली भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहून 1973 च्या अखेरीस वीज देऊ लागली. दुसरीचे बांधकाम चालू असताना पोखरणचा स्फोट झाला, आणि कॅनडाने हात काढून घेतला. भाग यावयाचे थांबले, सल्ला थांबला. कारखानदारीत आम्ही अशी कामे गंजत पडलेली पाहिली आहेत. ही भट्टी मात्र भारतीय इंजिनियरांनी व कामगारांनी पुरी केली, आणि 1981 मध्ये ती चालू झाली.

हे जमले कसे? त्याचे उत्तर 1974 मध्ये नसून तीस वर्षे मागे आहे. 1944 च्या मार्चमध्ये, म्हणजे हिरोशिमावर बाँब पडण्याच्याही आधी, भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिले. अणूपासून वीज काढण्याचा दिवस येईल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेर शोधावे लागू नयेत, असा त्याचा आशय होता. वीजघर नाही, युरेनियमची खाण नाही, आणि हा गृहस्थ माणसे तयार करण्याचे बोलतो! 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, 1954 मध्ये ट्रॉम्बेचे केंद्र, 1957 मध्ये तेथेच तरुण इंजिनियरांची प्रशिक्षणशाळा. 4 ऑगस्ट 1956 रोजी ट्रॉम्बेत 'अप्सरा' ही लहानशी भट्टी पेटली. तिचे इंधन इंग्लंडचे होते, हे लपविण्याचे कारण नाही. पण भट्टी येथल्या माणसांनी बांधली आणि तिची नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ए. एस. राव यांच्या मंडळींनी केली. याच राव यांनी पुढे 1967 मध्ये हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनचा कारखाना काढला.

आमच्या मते ज्यांचे नाव भाभांच्या जोडीने घ्यावे असे गृहस्थ म्हणजे ब्रह्म प्रकाश. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत ते धातुशास्त्र विभागाचे प्रमुख होते. तेथून ट्रॉम्बेस आले. अणुभट्टीत इंधन ज्या नळ्यांत भरतात त्या झिर्कोनियम धातूच्या असतात, कारण तो न्यूट्रॉन जवळजवळ खात नाही. हा धातू केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडतो. परंतु त्याच्याबरोबर हाफ्नियम नावाचा त्याचा जुळा भाऊ असतो. गुणधर्म जवळजवळ सारखे, पण हा न्यूट्रॉनचा महाअधाशी. दोघांना वेगळे करणे म्हणजे पायलीभर तांदळांतून तांदळाच्याच रंगाचे खडे वेचण्यासारखे. ते तंत्र ट्रॉम्बेत बसविले गेले, आणि हैदराबादच्या अणुइंधन संकुलात नळ्या निघू लागल्या. युरेनियम जादुगुडाच्या खाणीतून येऊ लागले. पवईस आणि आपल्या वालचंदनगरास, जेथे साखर कारखान्यांची यंत्रे होत, तेथे अणुभट्टीचे मोठमोठे भाग घडू लागले. असे ठिकठिकाणी हात बसलेले होते, म्हणून कॅनडाच्या नकाराने काम लांबले, बुडाले नाही. मद्रासजवळ कल्पाक्कमला एम. आर. श्रीनिवासन यांच्यासारख्या इंजिनियरांच्या देखरेखीखाली जी भट्टी उभारली गेली, ती 1983 मध्ये पेटली, आणि तीत परदेशी मक्तेदार नव्हता.

जमाखर्च मांडावयाचा तर खर्चाची बाजूही वाचली पाहिजे. जड पाण्याचे कारखाने रखडले. बडोद्याचा तर 1977 मध्ये सुरू होतो न होतो तोच स्फोट होऊन बंद पडला, आणि रावतभाट्यासाठी जड पाणी सोव्हिएत संघाकडून आणावे लागले. 1980 पर्यंत 2,700 मेगावॅट अणुवीज, अशी योजना विक्रम साराभाईंच्या काळात 1970 मध्ये जाहीर झाली होती. ते वर्ष उजाडले तेव्हा तिच्या चौथाईइतकीही हाती नव्हती. आजही देशाच्या विजेत अणूचा वाटा शेकडा तीनच्या आसपास आहे.

रावतभाट्याच्या त्या दुसऱ्या भट्टीतील 306 नळ्या पुढे कमकुवत झाल्या. 1994 पासून 1998 पर्यंत भट्टी थांबवून त्या सर्व काढल्या आणि नव्या बसविल्या. लांबून चालणारी अवजारे येथेच तयार केली, नळ्या हैदराबादच्या. बाहेरचा एकही मिस्त्री लागला नाही. तरी अशा कामात माणसाला किरणोत्सर्गाच्या जवळ जावेच लागते. त्याच्या छातीवरील बिल्ल्यात मात्रा मोजली जाते, आणि वर्षाची मर्यादा गाठली की त्याला तेथून हलवून दुसऱ्यास आत पाठवावयाचे. कायम कामगाराला दुसरे काम मिळते. मर्यादा भरलेल्या कंत्राटी मजुराचे पुढे काय, त्याचा कागद कोण सांभाळतो, वीस वर्षांनी त्याला आजार जडला तर तो कोणाकडे जाईल, हे प्रश्न आमच्या चळवळीने जितक्या जोराने विचारावयास हवे होते तितके विचारले गेले नाहीत. सुरक्षिततेवर नजर ठेवणारे नियामक मंडळच नोव्हेंबर 1983 मध्ये स्थापन झाले, तारापूर सुरू झाल्यावर चौदा वर्षांनी. आणि ज्या आयोगाच्या कारखान्यांवर त्याने लक्ष ठेवावयाचे, त्याच आयोगास ते कित्येक वर्षे उत्तरदायी होते.

तारापूरला पुढे 2005 व 2006 मध्ये 540 मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या आल्या. त्या जड पाण्याच्या, आपल्याच आराखड्याच्या. कोणाच्या वखारीकडे पाहण्याची गरज नसलेल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठविण्यात आली. तेथील मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना पुनर्वसनासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.