भाताच्या मुलुखांतील सुटसुटीत स्वयंपाक

‘आधुनिक स्वयंपाक’ हे शब्द कानीं पडले कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें परदेशी नांवांचे पदार्थ, बाटलींतील चटण्या आणि पाकिटांतील मसाले उभे राहतात. वस्तुतः आधुनिकता पदार्थाच्या नांवांत नसून तो करण्याच्या रीतींत असते. थोड्या वेळांत, थोड्या भांड्यांत, मोजून-मापून केलेलें, शरीरास हितकर आणि घरांतील कोणासही करतां येईल असें अन्न, तें आधुनिक अन्न. ही व्याख्या मान्य केली तर आपल्या घरांतील कित्येक जुने पदार्थ या कसोटीस सहज उतरतील. गोंदिया जिल्ह्याचें रोजचें पान पुढें ठेवून हें दाखविण्याचा येथें मानस आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत आहाराचा विचार करतांना आठ गोष्टी पाहण्यास सांगितल्या आहेत. अन्नाची प्रकृति, त्यावर केलेला संस्कार, पदार्थांचा परस्परसंयोग, प्रमाण, देश आणि काल हीं त्यांतील सहा. जेवण्याचे नियम आणि जेवणारा स्वतः हीं उरलेलीं दोन. यांपैकीं देश, संस्कार, संयोग आणि प्रमाण या चारांचाच आपण तूर्त विचार करूं.

प्रथम देश. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा म्हणजे धानाचें कोठार होय. वैनगंगेचें खोरें, जुने मालगुजारी तलाव आणि गांवोगांवच्या बांध्या यांनीं येथील जीवन घडविलें आहे. दोन्ही वेळां पानांत भात असावा, हा येथील बहुतेक घरांचा शिरस्ता. भात हें उत्तम अन्न आहे, यांत शंका नाहीं; पण आपण त्यावर कोणता संस्कार करतों, हें पाहिलें पाहिजे.

गिरणींत तांदूळ जितका शुभ्र व चकचकीत करावा, तितका त्याच्या अंगावरील कोंडा आणि टोंकाचा अंकुर निघून जातो. आणि ‘ब१’ जीवनसत्त्वाचा मोठा वांटा नेमका तेथेंच असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांत आयकमन या डच वैद्यास असें आढळलें कीं, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यास त्या सुधारतात. बेरीबेरी या रोगाचें मूळ त्यामुळें हातीं लागलें, आणि १९२९ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. उसना तांदूळ करतांना धान आधीं भिजवून वाफवितात. त्या वेळीं हें सत्त्व दाण्याच्या आंत उतरतें, म्हणून पुढें गिरणींतही तें पुष्कळसें टिकतें. ज्यांना उसन्याचा वास रुचत नाहीं त्यांनीं निदान कमी सडलेला तांदूळ घ्यावा, तो फार चोळून धुऊं नये आणि बेताच्या पाण्यांत शिजवावा. पेज काढून मोरींत ओतणें म्हणजे उरलेलें सत्त्वही आपल्या हातांनीं टाकणें होय.

आतां संयोग आणि प्रमाण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत, दिवसाच्या एकंदर ऊर्जेपैकीं धान्यांतून ४५ टक्क्यांहून अधिक येऊं नये, असें सांगितलें आहे. आपल्या पानांतील भाताचा ढीग आणि त्यावरचें पातळ वरण पाहिलें म्हणजे हा सल्ला कोणास उद्देशून आहे, हें सांगावयास नको. तांदळांत लायसीन नांवाचा प्रथिनांश कमी असतो. तो डाळींत भरपूर असतो. डाळींत जें उणें, तें तांदूळ भरून काढतो. म्हणून दोहोंचा संयोग इष्ट, आणि त्यांत डाळीचा वांटा वाढविणें अगत्याचें.

या दृष्टीनें आपल्या विदर्भांतील गोळाभातासारखा सुटसुटीत पदार्थ विरळा. चार माणसांसाठीं हरभऱ्याच्या डाळीचा एक वाटी जाडसर भरडा घ्यावा. त्यांत दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचें मोहन, अर्धा चमचा हळद, एक चमचा तिखट, चिमूटभर हिंग, बेताचें मीठ आणि चिरलेला सांभार घालून, लागेल तसें पाणी लावून भिजवावें व पंधरा मिनिटें झांकून ठेवावें. नंतर सुपारीहून मोठे पण लिंबाहून लहान गोळे वळावेत. जाड बुडाच्या पातेल्यांत दोन वाट्या तांदूळ साडेचार वाट्या पाण्यांत शिजत ठेवावा. पाणी आटून दाण्यांच्या पातळीस आलें कीं गोळे वर मांडून हलकेच दाबावेत, झांकण घालावें आणि मंद आंचेवर बारा ते पंधरा मिनिटें वाफ येऊं द्यावी. एक गोळा फोडून पाहावा. पिठाचा कच्चा वास गेला असेल तर भात झाला. वाढतांना गोळा भातांत कुसकरून वर मोहरी, हिंग व सुक्या मिरचीची गरम फोडणी घालावी आणि सोबत चिंचेचें सार अथवा कढी द्यावी. भात आणि डाळ एकाच पातेल्यांत, आणि भांडीं घासणाऱ्याचाही दुवा!

जोडीस अंबाडीची किंवा दुसरी कोणतीही हंगामी पालेभाजी असावी. धान कापणीपूर्वीं ओल्या बांधींत जवस फेंकून उतेऱ्याचें पीक घेण्याची येथें चाल आहे. तो जवस तडतडेपर्यंत भाजून, तिखट-मीठ घालून कुटला कीं चटणी तयार. चालत असेल त्यांनीं लसूण घालावा. मात्र कुटलेला जवस लवकर खवट होतो. म्हणून चटणी थोडी थोडीच करावी.

वर मीं वाट्या-चमचे मुद्दाम सांगितले. “अंदाजानें घाल” हें वाक्य वर्षानुवर्षें चुलीपाशीं वावरलेल्या गृहिणीस पुरतें. नवख्यास त्याचा कांहींच उपयोग नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालीं आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालीं निघाली. अशा पुस्तकांनीं, जिच्याजवळ आई वा सासू नाहीं, तिच्याही हातीं ही विद्या पोंचविली. आतां ती मुलग्यांच्या हातीं पोंचली पाहिजे. आपलीं मुलें नोकरीसाठीं नागपूर, पुणें, हैदराबाद गांठतात आणि दोन वेळां बाहेरच्या डब्यावर वा उपाहारगृहावर दिवस काढतात. इकडे घरची माउली तापानें अंथरुणास खिळली तरी भाकरी कोणी टाकावी, हा प्रश्न पडतोच. गणितांत पहिला आलेल्या मुलास दोन वाट्या तांदळास पाणी किती, हें ठाऊक नसावें, हें शिक्षणाचें वैगुण्यच म्हटलें पाहिजे.

म्हणून सुज्ञ गृहिणींना आणि गृहस्थांनाही विनंती कीं, आठवड्यांतून एक वेळ तरी घरांतील दुसऱ्या कोणीं स्वयंपाक करावा. मुलानें, सुनेच्या बरोबरीनें नातवानें, आणि घरच्या कर्त्या पुरुषानेंही. प्रमाण वहींत लिहून ठेवावें. पहिला भात चिकट होईल, दुसरा करपेल. तिसरा सर्वजण आनंदानें जेवतील. जें अन्न एकाच व्यक्तीच्या हातावर अवलंबून आहे तें कितीही रुचकर असलें तरी घर निर्धास्त करीत नाहीं. जें सर्वांस करतां येतें, तेंच खऱ्या अर्थानें घरचें अन्न होय.