लाल सिलिंडरची तारीख पाहिलीत का?

गॅसचा सिलिंडर दारात आला की आपण बायका काय काय बघतो! सील आहे ना, वजन बरोबर आहे ना, वॉशर गळत नाही ना. वरच्या पट्टीवर ‘ए-२८’, ‘सी-२७’ असं काही लिहिलेलं असतं, तेही आता बऱ्याच जणींना वाचता येतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. मुदत उलटलेली दिसली की आपण सिलिंडर सरळ परत पाठवतो, हो की नाही?

पण हल्ली बऱ्याच घरांत आणखी एक सिलिंडर असतो. छोटा, लाल, आग विझवायचा. फायर एक्स्टिंग्विशर म्हणतात तो. नव्या फ्लॅटबरोबर मिळालेला, नाहीतर मुलाने हौसेने आणून भिंतीला लावलेला. त्याच्यावरही तारीख असते, पण तिच्याकडे कोण बघतंय? वरची धूळ पुसली की आपलं काम झालं!

आमच्या शेजारच्या काकूंकडे काय झालं ते सांगते. देवघराजवळचा पडदा वाऱ्याने उडाला आणि समईवर गेला. काकू मोठ्या धीराच्या. त्यांनी लाल सिलिंडर काढला, पिन ओढली, मूठ दाबली. फुस्स करून चिमूटभर पावडर पडली आणि संपलं! शेवटी पडदा ओढून खाली पाडला आणि मोरीतल्या बादलीने आग विझवली. घर वाचलं, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला. सिलिंडर होता चार वर्षांचाच. मग गेला कुठे त्याचा जोर? तर आदल्या उन्हाळ्यात नातवंडांनी ‘चालतो का बघू’ म्हणून अंगणात एकदाच फुर्रकन उडवला होता. तेव्हा काटा हिरव्यातच होता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

इथेच तर खरी मेख आहे. घरात बहुतेक करून एबीसी पावडरचा सिलिंडर असतो. आत बारीक कोरडी पावडर आणि दाबाखाली भरलेला वायू. मूठ दाबली की वायू पावडरला बाहेर ढकलतो. एकदा जरी दाबली, तरी पावडरचे कण झडपेत अडकून बसतात. झडप पुरती मिटत नाही आणि वायू हळूहळू निसटतो. म्हणून नियम पक्का लक्षात ठेवा: सिलिंडर थोडासा जरी वापरला, तरी तो पुन्हा भरून घ्यायचा. अर्धा उरलाय, पुढच्या वेळी होईल, असा हिशेब इथे चालत नाही. आणि ‘चालतो का’ हे उडवून बघायचं नाही.

महिन्यातून दोन मिनिटं

दुधाचा आणि पेपरचा हिशेब करतो ना, त्याच दिवशी एवढं बघा.

काटा हिरव्या पट्ट्यात हवा. डावीकडच्या लालात असेल तर दाब कमी, उजवीकडच्या लालात असेल तर जास्त. दोन्ही वाईटच.

पिन आणि तिचं प्लॅस्टिकचं सील जागेवर हवं. सील तुटलेलं असेल तर कुणीतरी हात लावलाय असं समजा.

नळीच्या तोंडात कोळ्याचं जाळं, कुंभारणीचं घर नाही ना, ते पाहा. हसू नका, असतं!

बुडाला आणि जोडाला गंज आहे का, पोचा आलाय का, तेही बघा. ओल्या फडक्याने रोज पुसण्यापेक्षा कोरडं फडकं बरं.

काटा हिरवा असला तरी आतली पावडर दमटपणाने गठ्ठा झालेली असू शकते. म्हणून अधूनमधून पिन तशीच ठेवून सिलिंडर हलकेच उलटा-सुलटा करा. पावडर आत सरकल्याचं हाताला कळतं. काहीच सरकलं नाही, तर जाणकाराला दाखवा.

काळ्या भोंग्याचा, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल, तर त्याला काटाच नसतो. त्याचं वजन करावं लागतं. आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त घटला की भरून घ्यायचा.

भरायचा की नवा घ्यायचा?

काटा खाली आला, वापर झाला, सील तुटलं किंवा लेबलवरची भरण्याची तारीख आली, तर भरून घ्यायचा. पण पत्रा गंजला, पोचा पडला, मुठीला तडा गेला, लेबल वाचता येईना किंवा आयएसआयची खूण नसेल, तर त्यात पैसे घालू नका, नवाच घ्या. पावडरच्या सिलिंडरचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात. कंपनीने कमी लिहिलं असेल तर तेच खरं. स्प्रेच्या डब्यासारखे काही छोटे सिलिंडर पुन्हा भरताच येत नाहीत. आणि एक किलोचा असेल तर आधी दोन्ही भाव विचारा. जाण्यायेण्याचा खर्च धरला तर कधी कधी नवाच परवडतो.

भरायला कुणाकडे द्यायचा, हाही प्रश्नच. आमच्या कॉलनीत एकदा एक जण ‘रिफिल’ करायला आला. सिलिंडर चकाचक पुसले, नव्या तारखेची लेबलं चिकटवली, पैसे घेतले आणि गेला. आत काय भरलं, देव जाणे! महाराष्ट्रात आग प्रतिबंधासाठी २००६ चा कायदा आहे आणि त्याखाली अग्निशमन सेवा संचालनालय अशा कामासाठी एजन्सींना परवाना देतं. तो परवाना बिनधास्त मागा. गावात कुणी नसेल तर नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात विचारा. जमलं तर समोर उघडायला सांगा, जुनी पावडर काढलेली बघा, पावती घ्या. सोनाराकडे वजन करून घेतो, मग इथे लाज कसली?

जुना सिलिंडर भंगारवाल्याला मात्र देऊ नका. आत दाब असतो. कापायला गेला तर त्याच्या जिवावर बेतेल. एजन्सीलाच परत द्या.

आणखी एक. एक-दोन किलोचा सिलिंडर जेमतेम आठ-दहा सेकंद चालतो. तेव्हा पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, मूठ दाबा आणि डावी-उजवीकडे फिरवा. ज्वाळांच्या शेंड्यावर मारून उपयोग नाही. पाठीशी दार मोकळं ठेवा. कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नको. गॅस बंद करा आणि वर घट्ट झाकण सरकवा. आग आपल्या आवाक्यातली नसेल, तर सिलिंडर टाका, घरच्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा. गॅसगळतीसाठी १९०६ आहे.

खंडेनवमीला आपण विळी, कात्री, शिवणयंत्र, गाडी सगळ्यांना हळदकुंकू लावतो. यंदा त्या लाल सिलिंडरलाही पाटावर घ्या. फूल वाहा आणि वाहता वाहता काटा आणि तारीख नीट वाचा. पुढे तीन आठवड्यांत दिवाळी असते, पणत्या असतात, फटाके असतात. भरून आणायला तेवढे दिवस पुरतात.