बँकेतील यंत्र आणि माणसाचे मन

बँकेच्या खिडकीपाशी उभे असता "लिंक नाही, थांबा" हे उत्तर आपणांपैकी प्रत्येकाने ऐकले असेल. रांगेतला गृहस्थ त्यावर चिडतो, आणि ते स्वाभाविकच आहे. पण खिडकीच्या आत बसलेल्या माणसाची त्या वेळी काय अवस्था होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आज तोच आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

खातेवह्यांच्या काळी कारकुनाचे कौशल्य त्याच्या डोक्यात व बोटांत असे. रकमांची लांबलचक बेरीज तोंडी करणारा, सही नजरेने ओळखणारा माणूस शाखेत मान मिळवी. काम कष्टाचे होते. ताळा जुळेना तर रात्र होई. पण चूक शोधून काढणे त्याच्या हाती होते.

पुढे ८ सप्टेंबर १९८३ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन व कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला. १९८७ व १९९३ च्या करारांनी संगणकाची वाट आणखी रुंद केली. नव्या शतकात 'कोअर बँकिंग' आले आणि शाखेतली खाती दूरच्या एका मध्यवर्ती संगणकात जाऊन बसली. हिशेब बिनचूक झाला, ग्राहकाची सोय झाली. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र यंत्र बंद पडले तर दुरुस्ती शाखेच्या हातची राहिली नाही. शिव्या मात्र शाखेनेच खावयाच्या!

तणावाचे मूळ येथे आहे. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली असे दाखविले की, माणसाला थकविते ते केवळ जास्त काम नव्हे. कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचा अधिकार लहान, ही जोडी माणसाला अधिक पोखरते. कामाचे क्षणोक्षणी मोजमाप, विम्याच्या विक्रीची उद्दिष्टे, घरी गेल्यावरही मोबाईलवर येणारे साहेबांचे निरोप, ही सर्व त्याच जोडीची अपत्ये होत.

मग कर्मचारी टिकाव कसा धरतात? लाझारस व फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात दोन मार्ग सांगितले. एक, अडचणीलाच हात घालणे. दुसरा, अडचणीने उठलेली मनाची खळबळ शांत करणे. आपल्या शाखांतून दोन्ही दिसतात. पन्नाशीतील कारकून शेजारच्या तरुण मुलीकडून नवी पद्धत शिकून घेतो व टाचणवहीत एकेक पायरी लिहून ठेवतो, हा पहिला मार्ग. चहाच्या वेळी चार जण मिळून यंत्राची थट्टा करतात, हा दुसरा. थट्टेला कमी लेखू नका. तिच्यामुळे "मलाच जमत नाही" ही एकटेपणाची बोच जाते. घातक आहे तो तिसराच प्रकार: न समजलेले लपविणे, आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देऊन काम उरकणे. पुढे घोटाळा झाला की जाब त्यालाच द्यावा लागतो.

पण वैयक्तिक उपायांना मर्यादा आहेत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. दोन हजारांची नवी नोट वेगळ्या आकाराची, म्हणून एटीएम यंत्रे नव्याने जुळवावी लागली, आणि सारा भार खिडकीवर आला. तेथे प्राणायाम काय करणार? तेथे माणसे वाढवावी लागतात. काही बँकांनी निवृत्त सेवकांना मदतीस बोलाविले, ते याचसाठी.

तात्पर्य, यंत्राशी भांडण नाही. यंत्र कोणत्या गतीने यावे, ते शिकण्यास कामाच्या वेळेतच किती अवधी मिळावा, त्याच्या बिघाडाची जबाबदारी कोणी घ्यावी, हे ठरविताना ते चालविणाऱ्याला विचारले पाहिजे. संघटनेने मागावयाचे ते हेच. आणि आपण नागरिकांनी? पुढच्या वेळी लिंक गेली तर समोरच्या माणसावर न ओरडता व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार करावी, आणि तीत या शाखेला आणखी दोन माणसे द्या, असे आवर्जून लिहावे.