होम थिएटर ग्राही व बाह्य विवर्धक

दूरचित्रवाणी संच, चकती वाजविणारे यंत्र, संगणकीय खेळांचा संच इत्यादींकडून येणारे चित्राचे व ध्वनीचे संदेश स्वीकारून त्यांपैकी चित्र पडद्याकडे पाठविणारे, तसेच ध्वनीचे निरनिराळे मार्ग वेगळे करून व त्यांचे विवर्धन करून ते खोलीत ठिकठिकाणी मांडलेल्या ध्वनिक्षेपकांना पुरविणारे साधन. व्यवहारात त्याला एव्ही रिसीव्हर असेही म्हणतात. ‘ग्राही’ हे नाव रेडिओच्या काळातील आहे. रेडिओग्राही आणि विवर्धक एकाच पेटीत बसवून विकण्याची प्रथा पडली, तेव्हा त्या पेटीला हे नाव मिळाले. आता रेडिओ हा तिचा अगदी गौण भाग असला, तरी नाव टिकून आहे.

या एका पेटीत वस्तुतः तीन साधने असतात : संदेशांची निवड करणारा भाग, अंकीय संदेशांचा उलगडा करून ध्वनीची पातळी व वेळ ठरविणारा भाग (यालाच पूर्वविवर्धक समजण्यास हरकत नाही) आणि ध्वनिक्षेपक हलविण्याइतकी शक्ती देणारे शक्तिविवर्धक. पहिले दोन भाग काही वर्षांतच कालबाह्य होतात. शक्तिविवर्धक मात्र नीट वापरल्यास दोन-तीन दशके टिकतो. ग्राहीची निवड करताना आणि बाह्य विवर्धक घ्यावा की नाही हे ठरविताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

ध्वनिमार्ग : चित्रपटगृहातील भोवताली पसरणारा ध्वनी घरात आणण्याचे प्रयत्न डॉल्बी प्रयोगशाळेच्या १९८२ मधील डॉल्बी सराउंड या पद्धतीपासून रूढ झाले. १९९२ मध्ये चित्रपटगृहांत आलेली डॉल्बी डिजिटल व १९९३ मध्ये आलेली डीटीएस या पद्धतींत पाच पूर्ण मार्ग व नीच कंप्रतांचा एक स्वतंत्र मार्ग असे. यालाच ५·१ म्हणतात. डॉल्बी अ‍ॅटमॉस ही पद्धत २०१२ मध्ये चित्रपटगृहांत व २०१४ मध्ये घरगुती साधनांत आली. तीत छतातील किंवा छताकडे रोखलेल्या ध्वनिक्षेपकांची भर पडली व मांडणी तीन अंकांनी दाखविली जाऊ लागली. ५·१·२ या लेखनात पहिला अंक श्रोत्याभोवतीचे, दुसरा नीच कंप्रतांचे आणि तिसरा वरचे ध्वनिक्षेपक दाखवितो.

किती मार्गांचा ग्राही घ्यावा, हा प्रश्न खोली पाहून सोडवावा. श्रोत्यांचे आसन मागच्या भिंतीला टेकलेले असेल, तर सात मार्गांतील मागचे दोन ध्वनिक्षेपक ठेवण्यास जागाच उरत नाही. अशा खोलीत चांगल्या प्रतीचे पाच मार्ग सामान्य प्रतीच्या नऊ मार्गांपेक्षा श्रेयस्कर होत.

जोडण्या : चित्र व ध्वनी यांचे वहन एचडीएमआय या एकाच तारेतून होते. या पद्धतीच्या २००९ मधील १·४ या आवृत्तीत दूरचित्रवाणी संचाकडून ग्राहीकडे ध्वनी परत आणण्याची सोय झाली. २०१७ मधील २·१ या आवृत्तीत त्या परतीच्या मार्गाची क्षमता वाढून असंपीडित बहुमार्गी ध्वनीही आणता येऊ लागला. मात्र आवृत्तीचा अंक पाहून भागत नाही, कारण तीतील बहुतेक सोयी ऐच्छिक असतात. २०२० मध्ये बाजारात आलेल्या काही ग्राहींतील संकलित मंडल सेकंदास १२० चित्रांचे विशिष्ट संदेश हाताळू शकले नाही व उत्पादकांना त्यावर उपाय योजावे लागले. आपल्याला लागणारी सोय नावानिशी नमूद आहे किंवा नाही, हे पाहूनच खरेदी करावी.

शक्तीचे आकडे : ग्राहीच्या जाहिरातीत सर्वांत ठळक असतो तो वॉटचा आकडा, आणि सर्वांत फसवाही तोच. ‘१५० वॉट’ हा आकडा एकच मार्ग चालू असताना, १ किलोहर्ट्झ या एकाच कंप्रतेला, ६ ओहम भारावर आणि १० टक्के विरूपण सोसून मोजलेला असू शकतो. तोच ग्राही दोन मार्गांवर, ८ ओहम भारावर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पल्ल्यात व ०·१ टक्क्याहून कमी विरूपणाने मोजल्यास ८०–९० वॉट भरतो. सातही मार्ग एकदम पूर्ण भाराने चालविल्यास प्रत्येकाच्या वाट्याला त्याहूनही बरेच कमी येते, कारण सर्व मार्गांना शक्तिपुरवठा करणारे रोहित्र व धारित्रे सामाईक असतात. या अंदाधुंदीला आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये विवर्धकांच्या शक्तीविषयी नियम केला. २०२४ मध्ये त्यात सुधारणा होऊन मापनाच्या अटी एकसारख्या करण्यात आल्या.

प्रत्यक्ष चित्रपटात सर्व मार्ग एकाच क्षणी पूर्ण जोराने वाजण्याचे प्रसंग विरळच, हेही खरे. म्हणून सर्व मार्गांच्या मापनाचा आकडा लहान दिसला एवढ्यावरून ग्राही त्याज्य ठरत नाही. तो केवळ शक्तिपुरवठ्याच्या दमाचा निदर्शक आहे. पेटीचे वजन हाही एक ढोबळ पण प्रामाणिक निदर्शक समजला जातो. नेहमीच्या एबी वर्गाच्या विवर्धकात मोठे रोहित्र व उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती लागतात आणि ती हलकी करता येत नाहीत.

किती शक्ती पुरे : याचे उत्तर विवर्धकाकडे नसून ध्वनिक्षेपक, अंतर आणि ऐकण्याची सवय यांच्याकडे असते. ध्वनिक्षेपकाची संवेदनक्षमता १ वॉट शक्तीला १ मीटर अंतरावर मिळणाऱ्या ध्वनिपातळीने दाखवितात. ती ८७ डेसिबेल आहे असे मानू. उघड्या जागेत ३ मीटरवर पातळी सु. ९·५ डेसिबेलने घटते. बंद खोलीत भिंतींवरून परावर्तन होत असल्याने ही घट सु. ७ डेसिबेल धरता येईल. म्हणजे १ वॉटला श्रोत्यापाशी ८० डेसिबेल मिळतात. चित्रपटगृहाच्या प्रमाण पातळीनुसार प्रत्येक मुख्य मार्गाचे क्षणिक शिखर १०५ डेसिबेलपर्यंत जाते. त्यासाठी २५ डेसिबेल अधिक, म्हणजे सु. ३१६ वॉट लागतील. परंतु घरात इतक्या मोठ्याने फारच थोडे लोक ऐकतात. पातळी १० डेसिबेलने उतरविली की शक्ती दशांशावर, म्हणजे ३२ वॉटवर येते व कोणताही साधारण ग्राही ती सहज देतो. उलटपक्षी, ९३ डेसिबेल संवेदनक्षमतेचे ध्वनिक्षेपक निवडल्यास पूर्ण प्रमाण पातळीलाही सु. ८० वॉट पुरतात.

शक्ती दुप्पट केल्याने पातळी फक्त ३ डेसिबेल वाढते, हे या गणिताचे मर्म आहे. १०० वॉटच्या ग्राहीला १५० वॉटचा बाह्य विवर्धक जोडणाऱ्यास २ डेसिबेलहूनही कमी लाभ होतो, आणि तो कानाला जेमतेम जाणवतो. तेवढ्या पैशांत अधिक संवेदनक्षम ध्वनिक्षेपक घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते (⇨ ध्वनिक्षेपक).

एक उपाय तर बिनखर्चाचा आहे. नीच कंप्रतांचे ध्वनी विवर्धकाची सर्वाधिक शक्ती खातात. ग्राहीच्या मांडणीत मुख्य ध्वनिक्षेपक ‘लहान’ असल्याचे नोंदवून ८० हर्ट्झखालील भाग स्वतःचा विवर्धक असलेल्या सबवूफरकडे वळविला, तर ग्राहीवरील ओझे एकदम हलके होते. उंच व देखणे ध्वनिक्षेपक घेतलेल्यांना त्यांची नोंद ‘लहान’ अशी करणे जिवावर येते. पण तो शब्द आकाराविषयी नसून कामाच्या वाटणीविषयी आहे.

बाह्य विवर्धकाची गरज : ती मुख्यतः तीन प्रसंगी उद्भवते. पहिला प्रसंग संरोधाचा. काही ध्वनिक्षेपकांचा नाममात्र संरोध ४ ओहम असून विशिष्ट कंप्रतांना तो ३ ओहमपर्यंतही उतरतो. त्याच विद्युत् दाबाला ८ ओहमच्या तुलनेत ४ ओहम भार दुप्पट प्रवाह ओढतो. ग्राही तापतो, त्याचे संरक्षक मंडल ऐन प्रसंगी ध्वनी बंद पाडते, किंवा संदेशाची शिखरे छाटली जातात. छाटलेल्या संदेशात सरासरी शक्तीचे व उच्च कंप्रतांचे प्रमाण वाढते आणि उच्च कंप्रतांच्या नाजूक ध्वनिक्षेपकाचे वेटोळे जळू शकते. काही ग्राहींत संरोध निवडण्याची सोय असते. तिने आतील दाब वा प्रवाह मर्यादित होऊन उष्णता आवरली जाते, शक्ती मात्र वाढत नाही, उलट घटते. दुसरा प्रसंग मोठी खोली, दूरचे आसन व कमी संवेदनक्षमता यांचा. तिसरा, आणि आज बहुधा सर्वांत वाजवी, प्रसंग मार्गसंख्येचा : अनेक ग्राही अकरा मार्गांचा उलगडा करतात, पण त्यांत विवर्धक नऊच असतात. उरलेल्या दोन मार्गांसाठी बाह्य विवर्धक घ्यावाच लागतो. तेव्हा तो समोरच्या डाव्या-उजव्या ध्वनिक्षेपकांना देऊन ग्राहीतील विवर्धक इतरांकडे वळविणे इष्ट, कारण सर्वांत अवघड काम समोरच्यांनाच असते.

बाह्य विवर्धक जोडण्यासाठी ग्राहीला पूर्वविवर्धकाचे निर्गम, म्हणजे प्रीआउट, असलेच पाहिजेत. स्वस्त ग्राहींत ते नसतात किंवा फक्त सबवूफरपुरते असतात. पुढेमागे विवर्धक घेण्याचा विचार असल्यास ही बाब ग्राही घेतानाच पाहावी. नंतर तिच्यावर समाधानकारक इलाज नाही. ग्राहीचे ध्वनिक्षेपकांसाठी असलेले निर्गम विवर्धकाच्या साध्या प्रवेशाला जोडणे, किंवा दोन विवर्धक एकाच ध्वनिक्षेपकाला समांतर जोडणे, हे दोन्ही घातक आहे.

दोन्ही साधनांचा मेळ बसणेही जरूर असते. विवर्धकाचे दाब-विवर्धन २९ डेसिबेल, म्हणजे सु. २८ पट असेल, तर १ व्होल्टच्या संदेशापासून ८ ओहमवर १०० वॉट मिळतात. २६ डेसिबेलच्या, म्हणजे २० पट विवर्धनाच्या साधनाला २०० वॉटसाठी २ व्होल्ट लागतात. काही ग्राहींचा प्रीआउट दीड व्होल्टच्या आसपासच विरूप होऊ लागतो आणि मग मोठ्या विवर्धकाची अर्धी शक्ती पडून राहते. आतील विवर्धक मंडलातून अलग करण्याची सोय असलेले ग्राही या बाबतीत सरस ठरतात. जोडणी झाल्यावर ध्वनिग्राहकाच्या साहाय्याने होणारे स्वयंचलित जुळणीचे काम पुन्हा करावे, कारण नव्या विवर्धकाने पूर्वीच्या पातळ्या बदललेल्या असतात. सुरू करताना ग्राही आधी व विवर्धक नंतर, बंद करताना याच्या उलट, असा क्रम पाळावा. १२ व्होल्टच्या संदेशतारेने हे आपोआप होते.

गुणगुण व वीजपुरवठा : विवर्धक जोडताच ध्वनिक्षेपकांतून ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण ऐकू येऊ लागणे ही नेहमीची तक्रार आहे. दोन साधने निरनिराळ्या ठिकाणी भूमीला जोडली गेल्याने तयार झालेले वेटोळे हे तिचे सामान्य कारण असते. सर्व साधने एकाच भिंतखाचेवरून चालवून पाहावी; केबल दूरचित्रवाणीची तार काढल्यावर गुणगुण थांबली, तर त्या तारेत विलगक बसवावा. गुणगुण घालविण्यासाठी तीनपिनी खिळ्याची भूमी तोडण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो प्राणघातक आहे व कदापि मानू नये.

मोठ्या वलयाकार रोहित्राचा विवर्धक सुरू होताच क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतो व घरातील स्वयंचलित खंडक पडू शकतो. अशा विवर्धकाला १६ अँपिअरची स्वतंत्र खाच द्यावी. डी वर्गाचे विवर्धक सु. ९० टक्क्यांपर्यंत कार्यक्षम असल्याने हलके व थंड असतात आणि कोंदट कपाटात त्यांचाच निभाव लागतो. एबी वर्गाच्या साधनावर किमान वीतभर मोकळी जागा हवी. परदेशातून परतताना साधने बरोबर आणणाऱ्यांनी मागील पट्टीवरील दाब अवश्य वाचावा. अमेरिकेतील १२० व्होल्टचा विवर्धक भारतातील २३० व्होल्टला थेट जोडल्यास तत्काळ निकामी होतो. त्यासाठी लागणारे दाब उतरविणारे रोहित्र विवर्धकाच्या कमाल वापराहून बरेच मोठे, म्हणून महाग व अतिशय जड असते.