समन्स बजावले, पण पोहोचले का?

दावा दाखल करणे वादीच्या हातात असते. त्याची खबर प्रतिवादीला मिळणे मात्र यंत्रणेवर अवलंबून असते. समोरच्याला न कळवता दिलेला निकाल कायद्याच्या भाषेत कितीही नेटका असला, तरी तो न्याय नव्हे. म्हणूनच १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने समन्सच्या बजावणीसाठी ऑर्डर ५ राखून ठेवली आणि आपापल्या प्रांतातल्या गरजेप्रमाणे त्या नियमांत फेरफार करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना दिला. बेलिफाच्या पायपिटीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंतची या नियमांची वाटचाल सहसा विलंबाविरुद्धची लढाई म्हणून सांगितली जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. बजावणी जसजशी सोपी होत गेली, तसतशी बजावणीची तारीख प्रतिवादीला जड होत गेली. या दोन गोष्टींचा मेळ अजून नीट बसलेला नाही.

जुन्या व्यवस्थेचा सगळा भर माणसावर होता. बेलिफाने समन्स प्रतिवादीच्या हाती द्यायचे आणि मूळ प्रतीवर त्याची सही घ्यायची. प्रतिवादीने घेण्यास नकार दिला किंवा रास्त शोध घेऊनही तो सापडला नाही, तर घराच्या दर्शनी दारावर प्रत डकवायची. पण एवढ्याने बेलिफाची सुटका होत नसे. प्रत कोणत्या परिस्थितीत डकवली, घर कोणी दाखवले, त्या वेळी हजर कोण होते, हे नाव-पत्त्यासह अहवालात लिहावे लागे, आजही लागते. ‘घर बंद’ असा दोन शब्दांचा शेरा पुरेसा नाही, हे त्यामागचे तत्त्व. १९७६ च्या दुरुस्तीने ते आणखी पक्के केले. प्रतिवादी त्या घटकेला घरी नसणे पुरेसे नाही, तो वाजवी मुदतीत घरी सापडण्याची शक्यता नाही हेही दिसले पाहिजे, अशी अट आली. त्याच दुरुस्तीने घरातल्या सज्ञान स्त्रीकडे समन्स देण्याची मुभा दिली. तोवर कायद्याच्या लेखी कुटुंबातला फक्त सज्ञान पुरुषच समन्स घेऊ शकत असे. फौजदारी प्रक्रियेत हीच सुधारणा व्हायला १ जुलै २०२४ रोजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत थांबावे लागले.

दिवाणी संहितेत वळण आले ते १ जुलै २००२ रोजी लागू झालेल्या दुरुस्त्यांनी. कोर्टाने मान्य केलेल्या कुरियरमार्फत समन्स पाठवता येऊ लागले आणि वादीला स्वतः समन्स नेऊन बजावण्याची, म्हणजे ‘दस्ती’ची, वाट खुली झाली. योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेल्या समन्सची पोच तीस दिवसांत परत आली नाही, तरी बजावणी झाल्याचे गृहीत धरण्याची तरतूद कायम राहिली. याच दुरुस्त्यांनी कैफियत देण्याची मुदत बजावणीपासून तीस दिवस आणि वाढवून फार तर नव्वद दिवस केली. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने तर व्यावसायिक दाव्यांत एकशेवीस दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच संपवला. खाजगी हातांत बजावणी गेल्यावर ‘घेण्यास नकार’ असे खोटे शेरे मारले जातील, ही भीती सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम वकील संघटनेच्या खटल्यात बोलून दाखवली आणि त्यावर नियमांचा बंदोबस्त हवा असे सांगितले. पोचपावतीवरच्या एका शेऱ्यावर आता बचावाचा हक्क टिकणार की जाणार, हे ठरू लागले होते.

पुढचा टप्पा पडद्यावरचा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिवाणी प्रकरणांत ईमेलने बजावणी करण्याचे नियम केले. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने एका थकबाकीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवरची नोटीस बजावलेली मानली, ती समोरच्याला नुसती मिळाली नव्हती तर त्याने उघडूनही पाहिली होती म्हणून. करोनाकाळात, १० जुलै २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अशा संदेशांना परवानगी देताना त्याच दिवशी ईमेलही पाठवण्याची अट घातली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने इलेक्ट्रॉनिक समन्सची रीत ठरवण्याचे काम राज्य सरकारांच्या नियमांवर सोपवले. मात्र २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच बजावले, की चौकशीला हजर राहण्याची पोलिसी नोटीस व्हॉट्सॲपवर देणे ही रीतसर बजावणी नव्हे, कारण ती न पाळल्यास अटक होऊ शकते. परिणाम जितका गंभीर, तितका बजावणीचा पुरावा भक्कम हवा, हाच या साऱ्याचा मथितार्थ.

यावर वकिली वर्तुळातून येणारा आक्षेप रास्त आहे: समन्स चुकवणे हा काही प्रतिवादींचा धंदाच असतो, आणि नियम कडक केले तर त्यांचेच फावते. वर्षानुवर्षे तारखा घेणाऱ्या वादीची तडफड नाकारण्यात अर्थ नाही. पण चुकवणाऱ्यासाठी कायद्यात उपाय आहेतच. नकार ही बजावणीच मानली जाते, दारावर प्रत डकवता येते, शेवटी वर्तमानपत्रात जाहीर समन्सही देता येते. शिवाय बजावणीत नुसती तांत्रिक उणीव असेल आणि प्रतिवादीला तारखेची माहिती वेळेत होती असे दिसले, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द होत नाही. नियम कडक केल्याने नुकसान होते ते खोट्या शेऱ्याचे. वादीचे हितही त्यातच आहे, कारण समन्स नीट बजावले नसेल तर तो हुकूमनामा रद्द करून मागता येतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने तर त्या अर्जासाठी जाहीर समन्सला रीतसर बजावणी मानण्यासच नकार दिला आहे. तीस दिवसांची मुदत हुकूमनामा कळल्यापासून मोजली जाते. घाईत उरकलेली बजावणी अशी वर्षांनंतर उलटते आणि दावा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

म्हणून राज्याराज्यांत नवे नियम होताना मोबाइलवरचा संदेश हा जोडीचा मार्ग असावा, एकमेव नव्हे. क्रमांक प्रतिवादीचाच आहे याचा पुरावा वादीने द्यावा. एकच फोन अख्खे घर वापरते, कामासाठी स्थलांतर केलेल्याचा क्रमांक बदलतो, हे विसरून केलेला नियम सर्वांत दुबळ्या प्रतिवादीवरच उलटेल. बेलिफ जागेवर गेल्याची नोंद आणि दाराचे छायाचित्र घेणारी ई-कोर्ट प्रकल्पातली ॲप-प्रणाली याच कारणाने मोलाची आहे: ती माणसाला दारापर्यंत पाठवते आणि त्याचा शेरा तपासता येईल असाही करते. बजावणीचा नियम किती दिवस वाचवतो हे पाहायला हवेच. पण एकतर्फी हुकूमनामे रद्द करून मागण्याची वेळ त्याने किती प्रकरणांत टाळली, यावरच त्याचे यश मोजले पाहिजे.