लघवीची गोळी आणि छातीतली धाप

खोकल्यासाठी आलेल्या वयस्क बाईंना मी विचारतो, "सध्या कोणती औषधे चालू आहेत?" त्या बीपीची गोळी सांगतात, साखरेची सांगतात. लघवीच्या जळजळीसाठी रोज रात्री घेत असलेली गोळी मात्र सांगायची राहते. लघवीचा आणि छातीचा काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. पण संबंध असू शकतो.

नायट्रोफ्युरँटॉइन हे १९५३ पासून वापरात असलेले औषध. मूत्राशयातील जंतूंवर ते आजही चांगले काम करते आणि पाच-सात दिवसांचा कोर्स बहुतेकांना बाधत नाही. ज्यांना वारंवार संसर्ग होतो, त्यांना ते कमी मात्रेत महिनोन्महिने दिले जाते. त्यातील थोड्या रुग्णांच्या, विशेषतः उतारवयातील स्त्रियांच्या, फुप्फुसांवर त्याचा परिणाम होतो. हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती सुजतात, पुढे जाड आणि ताठ होतात. मग प्राणवायू रक्तात नीट उतरत नाही.

हा त्रास सहसा सहा महिन्यांनंतर, कधी काही वर्षांनीही, हळूहळू सुरू होतो. कोरडा खोकला, थकवा, विहिरीवरून पाणी आणताना लागणारी धाप. ताप बहुधा नसतोच, त्यामुळे वय झाले म्हणून घरचे सोडून देतात. आपल्या वाशीम जिल्ह्यात खोकला लांबला की आधी टीबीची शंका घ्यावी, थुंकी तपासावीच. मात्र त्यात काही निघाले नाही आणि खोकलाही हटला नाही, तर चालू गोळ्यांकडे पाहायला हवे. सुरुवातीच्या एक्स-रेत दोष दिसेलच असे नाही. सीटी स्कॅनमध्ये तो अधिक स्पष्ट दिसतो.

दुसरा प्रकार झटपट येतो. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांतच थंडी-ताप, खोकला, दम. तेव्हा पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांकडे जावे.

दोन्ही प्रकारांत मुख्य उपचार म्हणजे हे औषध बंद करणे आणि पुन्हा कधीही न घेणे. काहींना स्टिरॉइड द्यावे लागते. वेळीच ओळखले तर बहुतेकांना आराम पडतो. उशीर झाल्यास फुप्फुसातले व्रण कायम राहतात.

मला खरी काळजी वाटते ती जुन्या चिठ्ठीची. तीच दाखवून मेडिकलमधून पाकिटामागून पाकीट आणले जाते आणि छाती कोणी तपासत नाही. कंपनीगणिक गोळीचे नाव बदलते, म्हणून पाकिटावरच्या बारीक अक्षरांत 'नायट्रोफ्युरँटॉइन' आहे का, हे नातवाकडून वाचून घ्या. असल्यास गोळी किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा आणि किडनीचा त्रास असेल तर तोही सांगा.